बेंजो मूळचा कुठला?

भाईंदरमध्ये नवीन माणूस भेटला की नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "मूळचे कुठले?" २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांच्या वर गेली होती, आणि उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा अशी जुनी गावं सोडली तर त्यातले बहुतेक जण कुठून ना कुठून आलेले. त्यामुळे प्रश्नात वाईट काही नसतं. मीही "वडील सिंधुदुर्गातले, आई लालबागची" असं एका दमात सांगून मोकळा होतो. समोरचा "अच्छा, कोकणातले" म्हणतो आणि लालबाग सोडून देतो.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच प्रश्न एका वाद्याला विचारला गेला. विसर्जनाच्या मिरवणुकीला कोणाला बोलवायचं, पथक की बेंजो, अशी चर्चा चालली होती. एकाने लिहिलं, "बेंजो नको, आपलं पारंपरिक वाद्य पाहिजे. बेंजो अमेरिकन आहे." दुसऱ्याने दोन मिनिटांत गूगल करून दुरुस्ती केली, "अमेरिकन नाही, जपानी आहे." त्यावर तिसरा, "मग तर नकोच." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग पोल टाकला गेला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो, कॅमेरा बंद होता, मी 'ढोल-ताशा पथक' दाबलं आणि परत कॉलमध्ये लक्ष घातलं.

संध्याकाळी पोल उघडून पाहिला. कोणी कशाला मत दिलं ते त्यात दिसतं. मामाने मत दिलंच नव्हतं. निकाल लागल्यावर त्याने फक्त "चालेल" एवढं टाइप केलं होतं. माझा मामा लालबागमध्ये असताना पंधराएक वर्षं बेंजो पार्टीत वाजवत होता. मुख्य वादक होता. आणि त्याचा भाचा कॅमेरा बंद करून 'पारंपरिक'ला मत देत होता.

पथकं मला मनापासून आवडतात. शंभर ढोल एकत्र पडले की बरगड्यांत काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला समजावून सांगायला नको. मला खटकला तो पोलच्या आधीचा युक्तिवाद. वाद्य कुठून आलं ते सांगितलं की ते कुणाचं आहे हे ठरलं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा.

आधी माहिती नीट सांगतो, कारण गूगल करणारा शेजारी बरोबर होता. आपण मुंबईत ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकन बँजो नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने एक वाद्य बनवलं. जपानी कोतोसारख्या तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा यांची सांगड त्याने घातली. त्याच वर्षी तिथे तैशो सम्राटाचा काळ सुरू झाला होता, म्हणून नाव पडलं 'तैशोगोतो', म्हणजे तैशो काळातला कोतो. स्वस्त, हलकं, घरी शिकता येण्यासारखं. पुढच्या काही दशकांत ते जहाजांतून आशियाभर गेलं. आपल्याकडे त्याला 'बुलबुल तरंग' हे गोड नाव मिळालं आणि 'जपान बेंजो' हे बाजारी नाव. मुंबईने त्यातला जपानही गाळला.

रचना इतकी साधी आहे की इंजिनिअरला हेवा वाटावा. एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर ताणलेल्या तारा. तारांवर एक पट्टी, आणि पट्टीवर दोन ओळींत गोल कळा. कळ दाबली की तिच्या खालचा धातूचा तुकडा तारेवर टेकतो आणि तार तेवढी आखूड होते. डाव्या हाताने कळा, उजव्या हातात प्लास्टिकचा तुकडा घेऊन तारा छेडायच्या. काही तारांवर सूर वाजतो, काही तारा कळांच्या कक्षेबाहेर राहून एकच आधारस्वर धरून ठेवतात. सतारीला मींड काढायला बोटं झिजवावी लागतात. इथे कळ दाबली की सूर मिळाला, बेसूर व्हायला जागा कमी. शास्त्रीय संगीतवाल्यांनी या वाद्याकडे पाहिलं नाही याचं कारणही हेच. दोन कळांच्या मधला स्वर इथे सहज मिळत नाही.

पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, नेमका हाच आरोप होता. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅंने १८४२मध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य. पायाने भाता मारायचं ते वाद्य कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायचं केलं, म्हणून ते भारतीय बैठकीत मांडी घालून बसू शकलं. आकाशवाणीने १९४० साली त्यावर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. आज विरार लोकलच्या भजनी डब्यात "पेटी फ्रेंच आहे, उतरवा" असं कोणी म्हणेल का? म्हणून बघावं एकदा, बोरिवलीच्या आत.

वाद्यांचं जे वर्गीकरण जगभर चालतं तेही मूळगाव विचारत नाही. नाट्यशास्त्राने चार वर्ग सांगितले: तत, अवनद्ध, घन, सुषिर. तार, चामडं, घट्ट पदार्थ, हवा. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या सौरीन्द्रमोहन टागोरांनी भारतीय वाद्यांचा संग्रह ब्रसेल्सला पाठवला, आणि तिथल्या वाद्यसंग्रहालयाचे प्रमुख माइयों यांनी हीच चार वर्गांची कल्पना उचलून आपला कॅटलॉग लावला. त्यावरून १९१४मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जी पद्धत केली ती आजही संग्रहालयांत वापरतात. या पद्धतीचा प्रश्न एकच असतो: आवाज कशातून निघतो? तार थरथरते, चामडं, की हवा? मला हा प्रश्न "मूळचे कुठले"पेक्षा कितीतरी सभ्य वाटतो.

तरी मूळ शोधणं सोडून द्यावं असं मी म्हणणार नाही. का, ते खऱ्या बँजोच्या गोष्टीत आहे.

अमेरिकन बँजो म्हटलं की डोळ्यांसमोर येतो काउबॉय टोपीतला गोरा माणूस. प्रत्यक्षात ते वाद्य पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत बनवलं. भोपळ्याच्या अर्ध्या तुंब्यावर चामडं, त्याला दांडी, दांडीवर तारा. मग एकोणिसाव्या शतकात गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करणारे खेळ करू लागले, आणि त्या खेळांत बँजो होता. कारखाने आले, तुंब्याच्या जागी लाकडाचं आणि धातूचं कडं आलं, आणि शंभरेक वर्षांत वाद्य पूर्ण गोरं झालं. पुढे गांबियाच्या डॅनिएल जट्टा यांनी आपल्या जोला समाजातलं 'अकोंटिंग' हे तीन तारांचं वाद्य जगापुढे आणलं, बेला फ्लेक हा अमेरिकन वादक आपला बँजो घेऊन आफ्रिकेत हिंडला आणि त्यावर २००८मध्ये माहितीपट आला. रिअनन गिडन्ससारख्या काळ्या गायिकेने स्टेजवर बँजो हातात घेतला तेव्हा ती वाद्य उधार घेत नव्हती, परत घेत होती.

म्हणजे तिथे मूळ शोधणं आवश्यक होतं, कारण ज्यांनी वाद्य घडवलं त्यांची नावं पुसली गेली होती. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मूळ शोधलं गेलं ते उलट्या कामासाठी, समोर वाजवत उभ्या असलेल्या माणसांना बाहेर ठेवायला. प्रश्न तोच, पण एकदा हक्क परत द्यायला विचारलेला आणि एकदा दार लावायला. प्रोग्रामरांच्या ओळखीचं सांगायचं तर 'गिट ब्लेम'. कोडची एखादी ओळ शेवटची कोणी बदलली ते त्यात लगेच कळतं. ती ओळ आज कशामुळे चालू आहे, तिच्यावर काय काय अवलंबून आहे, रात्री दोनला उठून कोणी ती सांभाळली, यातलं काही कळत नाही.

बेंजोच्या बाबतीत मोरिता गोरोवर अन्याय झालेला नाही. जपानमध्ये त्याचं नाव आहे, वाद्यही जिवंत आहे. तिथे ते मुख्यतः निवृत्त माणसांचा छंद आहे, आजी-आजोबा ओळीने बसून समूहवादन करतात. यूट्यूबवर बघा, फार शांत वाटतं. मग तेच वाद्य गणेशगल्लीच्या गर्दीत हातगाडीवर, मागे जनरेटर, पुढे भोंगे, अशा अवस्थेत आठवा. या दोन दृश्यांमधलं जे अंतर आहे ते कोणी कापलं?

ते अंतर गिरणगावातल्या मुलांनी कापलं. मामा सांगतो त्यातलं निम्मं मला तांत्रिक म्हणूनच कळतं. मूळ वाद्याचा आवाज खोलीपुरता. तो रस्त्यावर न्यायचा तर आधी कॉन्टॅक्ट माइक चिकटवून पाहिले, ते शिट्टी मारायचे. मग गिटारचे पिकअप बसवले. मूळ तारा पातळ, जोरात वाजवल्या की तुटायच्या, म्हणून गिटारच्या तारा लावल्या. त्या लावल्यावर ताण वाढला, पेटी वाकायला लागली, मग सुताराकडून जाड लाकडाची पेटी करून घेतली. कळांच्या स्प्रिंगा सैल पडायच्या, त्याला सायकलच्या दुकानातून इलाज. पुढे इको आला, ऑक्टोपॅड आला, कीबोर्ड आला. बेंजो मात्र मध्यभागी राहिला, कारण गाण्याचा मुखडा तोच 'गातो'. बेंजो पार्टीत गायक नसतो, हे लक्षात घ्या. शब्द गर्दीला पाठ असतात. बेंजो फक्त आठवण करून देतो आणि रस्ता गातो.

आणि काय वाजवायचं? सगळं. आरती, कोळीगीत, कव्वाली, नवीन हिंदी सिनेमा. सहा मात्रांच्या कोळी हेलकाव्यातून गाडी न थांबवता पुढच्या गाण्याच्या ठेक्यात शिरणं, हे त्यांचं खरं कसब. हा जोडकामाचा प्रकार कुठल्याही पुस्तकात संगीतप्रकार म्हणून सापडत नाही. पण ऐकणारा दोन चौक अलीकडून सांगतो, "बेंजो आला." ज्याला ऐकताक्षणी ओळखता येतं आणि ज्याच्यावर कसं नाचायचं ते हजारो लोकांना न शिकवता येतं, त्याला संगीतप्रकार नाही तर काय म्हणायचं?

नागिनीची धून घ्या. तिच्याशिवाय मिरवणूक संपत नाही. कोणी तरी रुमाल तोंडात धरणार, कोणी तरी रस्त्यावर लोळणार. ही धून आपण गारुड्याच्या पुंगीची समजतो. १९५४च्या 'नागिन' सिनेमात ती पुंगी वाजली नव्हतीच. कल्याणजी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले, यांनी ती क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या युरोपियन वाद्यावर वाजवली, सोबत रवी यांची हार्मोनियम होती. म्हणजे विजेच्या वाद्याने पुंगीची नक्कल केली, त्या नकलेची नक्कल जपानी पेटीवर मुंबईच्या पोराने केली, आणि आज खरा गारुडीसुद्धा तीच धून वाजवताना दिसतो. इथे मूळ शोधत गेलात तर रुमाल तोंडातच राहील.

या सगळ्यावर एक अख्खा सिनेमा निघाला होता. रवी जाधव यांचा 'बँजो', हिंदी, रितेश देशमुख नायक. २३ सप्टेंबर २०१६ला, म्हणजे त्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याभराने आला. मामा, आई आणि मी असे तिघं बघायला गेलो होतो. मी इंजिनिअरिंगला होतो. मामाने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

रवी जाधवांकडून अपेक्षा होती, कारण 'नटरंग' त्यांचा. 'नटरंग'मध्ये गुणा कागलकर फड उभा करतो तेव्हा सिनेमा त्या उभारणीला वेळ देतो. माणसं कशी जमली, नाच्या कोण होणार, पैसा कुठून येणार, घरचे काय म्हणणार. आनंद यादवांच्या कादंबरीचा भक्कम पाया होता हे खरं, पण दिग्दर्शकाची नजरही आतली होती. तमाशा म्हणजे काय हे कुणा परक्याला समजावून सांगायचं ओझं त्या सिनेमावर नव्हतं.

'बँजो'वर ते ओझं पहिल्या मिनिटापासून आहे. न्यूयॉर्कमधली एक संगीतकार मुलगी मुंबईतल्या कुणा बेंजोवाल्याची धून ऐकते आणि त्याच्या शोधात इथे येते. इथे झोपडपट्टी, रंगीबेरंगी, बऱ्यापैकी धुतलेली. नायक तरात, त्याचे तीन मित्र, वर्गणी, दादागिरी. आपण काहीतरी भारी वाजवतो हे तरातला कळतं ते ती आल्यावर. त्याला स्वतःला बेंजोची लाज वाटते, आणि ही लाज कुठून आली हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सिनेमा जवळजवळ विचारतो, मग प्रेमकथेकडे वळतो.

मला हा सिनेमा वाईट म्हणून टाकून द्यायचा नाही. बेंजो वाजवणाऱ्याला मोठ्या पडद्यावर नायक करण्याचं धाडस दुसऱ्या कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. त्या वाजवणाऱ्याला समाजात किंमत नसते, घरी लग्न जमवताना "काय करतो" या प्रश्नाला "बेंजो वाजवतो" हे उत्तर चालत नाही, हे त्यात बरोबर पकडलंय. पण सिनेमाचा कान चुकलाय. विशाल-शेखर यांच्या गाण्यांत माझ्या कानाला गिटार आणि ड्रम जास्त ऐकू आले, बेंजो हातात जास्त दिसला. तार तुटते कधी, जुळवतात कशी, वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना काय होतं, हे कुठे नाही. किंमत कळते ती न्यूयॉर्कहून आलेल्या मुलीमुळे. म्हणजे परत तेच. वाद्याला किंमत यायची तर ती बाहेरून शिक्का मारून. ग्रुपवरच्या काकांनी 'बाहेरचं' म्हणून नाकारलं आणि सिनेमाने 'बाहेरच्यांना आवडलं' म्हणून स्वीकारलं. मधल्या पन्नास-साठ वर्षांत लालबाग-परळ-वरळीच्या मुलांनी काय केलं याची नोंद दोघांकडेही नाही.

मध्यंतराला मामाला विचारलं, कसा वाटतोय? तो म्हणाला, "हात बरोबर नाही त्याचा." एवढंच. नंतर पॉपकॉर्न खाल्लं.

हेच वाद्य दुसरीकडे कसं ऐकलं गेलं, तेही पाहा. बलुचिस्तानात 'बेंजू' आहे. तैशोगोतोच, पण तिथल्या कारागिरांनी तो मोठा केला, जड लाकडाचा केला, आणि बलोच लोकसंगीताचं मुख्य वाद्य करून टाकला. पसनीच्या बाजूचे नूर बख्श नावाचे म्हातारे वादक २०२२मध्ये इंटरनेटवर अचानक सगळीकडे दिसायला लागले. त्यांचा पहिला अल्बम आला, मग युरोपचे दौरे झाले. म्हणजे शिक्का त्यांनाही बाहेरूनच मिळाला, हे कबूल. पण ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. ते वाद्य तिथे कुणी जपानी म्हणत नाही आणि 'फ्युजन'ही म्हणत नाही. बेंजू बलोच आहे, विषय संपला.

आता ढोल-ताशाकडे. पोल जिंकलेल्या बाजूकडेही तोच चष्मा लावून पाहायला हवा ना. ताशा हे नाव आणि वाद्य दोन्ही फारसी-अरबी जगातून आलेलं. उथळ वाडग्यासारखं भांडं, त्यावर चामडं, दोन बारीक काड्या. मोहरमच्या ताबुतांपुढे तो वाजायचा, आणि १८९३च्या दंगलींपर्यंत पुण्या-मुंबईच्या त्या मिरवणुकांत हिंदूही हौसेने सामील व्हायचे. त्यानंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, मिरवणूक बदलली, ताशा राहिला. उत्तर भारतातून जहाजाने त्रिनिदादला गेलेल्या गिरमिटिया मजुरांनीही ताशा सोबत नेला. त्यांचं पहिलं जहाज ३० मे १८४५ला तिथे लागलं. तिथे त्याला 'तासा' म्हणतात, तो मोहरमला म्हणजे तिथल्या 'होसे'ला वाजतो आणि हिंदूंच्या लग्नातही. आणि आज आपण ज्याला पथक म्हणतो, एकसारखे कपडे, सराव, ताल बांधलेले, मुलीही पुढे, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी घडवलेलं रूप आहे. वयाने ते मामाच्या बेंजो पार्टीचं भावंड.

यात पथकांना कमी लेखायचं नाही. उलट त्यांचं कौतुक आहे, कारण त्यांनी एक रस्त्यावरचं वाद्य शिस्तीत बसवलं आणि कॉलेजच्या पोरापोरींच्या गळ्यात घातलं. पण एक फरक राहतो, तो कोणी उघड बोलत नाही. पथकात वाजवणारा बहुधा हौसेने वाजवतो, सोमवारी ऑफिसला जातो. बेंजोवाल्याचं पोट त्या दहा दिवसांवर, हळदी-लग्नांवर असतं. पथकाच्या फोटोत चेहरे दिसतात, फेटे दिसतात. बेंजो पार्टीच्या टी-शर्टवर मंडळाचं नाव असतं. "पारंपरिक" या शब्दामागे मला आता वाद्यापेक्षा ही माणसं जास्त दिसतात. दरवर्षी गणपतीआधी "डीजे टाळा, पारंपरिक वाद्ये वापरा" असं आवाहन येतं, डीजेच्या भिंतीपुढे उभं राहिलेल्या कुणालाही ते पटेल. पण या दोन खणांत बेंजो कुठे बसतो? डीजेवाले त्याला जुना म्हणतात, पारंपरिकवाले नवा. आवाजाचे नियम बेंजोलाही लागू असावेत, यात वाद नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, हे २०००च्या नियमांत लिहिलंय. मग शंभर ढोलांचंही मोजा. डेसिबलमीटर परंपरा ओळखत नाही.

मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही बातमी मला फार आवडली होती. सतारीचं नाव फारसी. भोपळा मंगळवेढ्याकडून येतो, लाकूड बाहेरून. घडवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे. राजेरजवाडे गेले, हत्यारांचं काम गेलं, हात राहिले, ते सतारीला लागले. मानांकन देणाऱ्यांनी सतार कुठे जन्मली हे विचारलं नाही. ती कुठल्या हातांना येते, हे विचारलं. त्याच न्यायाने मुंबईच्या बेंजोला कुणी कागद द्यावा अशी माझी मागणी नाही. कागदांनी पोट भरत नाही, आणि मिरजेतही नवी पोरं या धंद्यात यायला तयार नसतात. पण प्रश्न विचारायची ती रीत मला पटते.

उत्तनच्या एका मित्राच्या लग्नात ब्रास बँड होता. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मोठा ड्रम. त्याची आजी नऊवारी नेसून त्यावर अशी नाचत होती की आम्ही मुलं बाजूला झालो. ट्रम्पेट कुठला, हे तिला विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारलं असतं तर "आमच्या गावचा" म्हणाली असती, आणि ते खरं आहे.

विसर्जनाच्या दिवशी पथक आलं, छान वाजवलं. जेसल पार्कच्या खाडीकडे जाताना मागून दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाचा बेंजो येत होता. आमचे ढोल थांबले की तो ऐकू यायचा. आमच्यातले निम्मे हळूहळू मागे सरकत त्या मंडळात जाऊन नाचत होते, पोलमध्ये मला आठवतात ती नावंसुद्धा. मामा फुटपाथवर उभा होता. डाव्या हाताची बोटं पँटच्या खिशावर हलत होती. त्याला ते कळत नव्हतं बहुतेक.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो आणि माळ्यावरचा बेंजो खाली काढला. चादरीत गुंडाळलेला, त्यावर जुनी कॅलेंडरं. आत पेटीच्या तळाशी मार्करने पार्टीचं नाव आणि फोन नंबर, सात आकडी, म्हणजे कधीचा ते बघा. मी फोनवर नोट उघडली आणि म्हणालो, कोण कोण होतं सांग. बेंजोवर तू. कीबोर्डवर? ढोलावर? ताशावर? गाडी कोण ढकलायचं? जनरेटर कोण बघायचं? त्याने सात नावं सांगितली, त्यांतली दोन टोपणनावं, खरं नाव त्यालाही आठवेना. मामीला हाक मारली. तिला एक आठवलं. दोघं जण नालासोपाऱ्याला आहेत, एक गावी गेला, एकाचं काय झालं माहीत नाही. गिरण्यांच्या संपानंतर चाळीतली माणसं जशी पांगली तशीच पार्टी पांगली.

"कशाला लिहितोस?" मामाने विचारलं.

"असंच. यूट्यूबवर तुमच्या मंडळाची एक जुनी कॅसेट कुणीतरी टाकलीय. खाली वाजवणाऱ्यांची नावं नाहीत."

त्याने कळांवरची धूळ फुंकली, दोन खुंट्या पिळून पाहिल्या. एक तार जुळली, दुसरी जुळता जुळता तुटली आणि त्याच्या मनगटाला लागली. शिवी दिली, हसला.

"गिटारची पहिली तार आण," म्हणाला. "स्टीलची. दोन आण, एक तुटणारच."